बाकी सगळं तसंच ठेवून

लंबकाचं प्रात्यक्षिक मी किती पोरांकडून करून घेतलं असेल, देव जाणे. बंगळूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर जे सिद्ध केलं, ते मुलांनी टेबलावर करून बघायचं, आणि चुकलं की ओरडायचं मी. दोऱ्याला पितळी गोळा बांधा, हलकेच सोडा, झोके मोजा. मग दोऱ्याची लांबी बदला. फक्त लांबी. गोळा तोच, पंखा बंद, खिडकी बंद. "एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा!" हे मी आधी इंग्रजीत सांगे, नाही कळलं तर मोडक्यातोडक्या कन्नडात, आणि फारच डोकं फिरलं की मराठीत. मराठी कुणालाच कळत नसे, पण मुलं ऐकायची तेव्हाच.

निसर्गाचे नियम असेच सापडतात, यावर माझा पक्का विश्वास होता. खोलीचं दार लावून घ्यायचं, जगाला बाहेर उभं करायचं आणि एकाच गोष्टीला हात लावायचा. मग निसर्ग मुकाट्यानं आपलं उत्तर सांगतो. त्याला दुसरा इलाजच उरत नाही.

आणि घरी माझ्या बायकोला श्वास घेता येत नव्हता.

आमचं लग्न झालं तेव्हा ही अगदी ठणठणीत होती. माहेर विजापूरचं, उन्हात वाढलेली. मी निपाणीकडचा, आईवडील आधीच गेलेले, नोकरीसाठी बंगळूरला येऊन पडलेला. चामराजपेठेत एका जुन्या मराठी घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. घरमालकीण म्हणजे अक्का. त्यांचे पूर्वज कधी या गावात आले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी बोलायच्या, पण त्यात कन्नड इतकी मुरलेली की पहिले काही महिने ही मला विचारायची, "अहो, अक्का मला रागावल्या की जेवायला बोलावलं?" बहुतेक वेळा दोन्ही असायचं.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी कॉलेजातून आलो, सायकल बोळात लावली, आत आलो, तर ही खिडकीचे गज धरून वाकून उभी. खांदे वर ओढलेले, गळ्याशी खड्डा पडलेला, छातीतून शिटीसारखा बारीक आवाज. बोलायला गेली तर शब्दच फुटेना. हातानंच सांगत होती, थांबा, थांबा. मी थांबून काय करणार होतो? पाणी दिलं, पाठ चोळली, अक्कांना हाका मारल्या. मला असं वाटलं की आता ही माझ्या डोळ्यांदेखत बुडणार, कोरड्या जमिनीवर.

पेठेतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तासाभरात ती हसून बोलायला लागली. डॉक्टर म्हातारे होते, स्पष्ट बोलायचे. म्हणाले, "दमा."

"कशानं झाला?"

"दमा हे नाव आहे. कारण विचारू नका. कुणाला धुळीनं होतो, कुणाला फुलांनी, कुणाला शेंगदाण्यानं, कुणाला सासूनं. बंगळूरची हवा चांगली म्हणून लोक इथे हवापालटाला येतात, आणि याच हवेत कित्येकांना दमा धरतो. का, ते मला माहीत नाही."

नंतर दम वारंवार लागू लागला, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कारण सापडलं तर ते टाळा. नाही सापडलं तर हिला माहेरी कोरड्या हवेत ठेवा. कायमचं. इथं हे असंच चालू राहिलं तर काही खरं नाही."

कायमचं! माझी नोकरी इथे, विजापुरात त्या वेळी मला कोण उभं करणार होतं? म्हणजे कारण सापडलं तर संसार, नाहीतर ती तिकडे आणि मी इकडे. इतका साधा हिशेब होता. आणि खरं सांगू, मी घाबरलो नाही. मला वाटलं, एवढंच ना? कारणच शोधायचंय ना? अहो, मी दुसरं करतो काय दिवसभर?

कॉलेजच्या अडगळीतून परवानगी काढून एक ओला-कोरडा तापमापक आणला. शेजारी शेजारी दोन नळ्या, एकीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. दोहोंतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. तो स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. ही म्हणाली, "येणाऱ्या बायका विचारतात, हा नवीन देव कुठला? त्यांना काय सांगू?"

"सांग, हवेचा अंदाज घेतात."

"आणि नैवेद्य?"

मी हसलो नाही. मला हसायला वेळ नव्हता. आधी कापसाची गादी काढली आणि तिला चटईवर झोपवलं. आठवडाभर दम नाही. मी कॉलेजात शीळ घालत हिंडलो. मग पुन्हा लागला, गादीवर असतानाही लागला नव्हता असा. बरं, गादी नव्हे. मग शेगडीचा धूर. स्टोव्ह आणला. स्टोव्हच्या रॉकेलचा वास आला, म्हणजे धूर काढला तर वास आत आला! एकच गोष्ट बदलायची म्हटलं तर दोन बदलत. शेंगदाण्याचं कूट बंद केलं, तर नेमका श्रावण आला आणि सगळा स्वयंपाकच बदलला. उदबत्ती बंद केली, तर पलीकडच्या देवळात उत्सव सुरू झाला आणि बोळभर धूप.

थंडीत बंगळूरला अवरेकाळूचे दिवस. घरोघरी पावट्यासारख्या शेंगा सोलायला बसतात, साली दारात ढिगानं. मी हिला ते खायला बंदी केली. महिना गेला, दम लागतच होता, तेव्हा कळलं की अक्का रोज दुपारी वाटीभर उसळ पाठवतात आणि ही खाते. मी तरातरा पुढच्या अंगणात गेलो.

"अक्का, मी मना केलं होतं ना?"

"सरी, सरी, बरं बाबा. स्वल्प दिलं. लेकुरवाळ्या वयाची पोर, तिला वास येतो आमच्या चुलीचा. बघत बसायचं होय तिनं?"

"अहो, पण मला कळायचं कसं कशानं होतं ते?"

अक्कांनी शेंग सोलत माझ्याकडे बघितलं. "अण्णा, तुझ्या त्या काचेच्या नळीत तिचा दम दिसतो होय? दिसला तर मला पण दाखव."

हिच्या वेणीत रोज संध्याकाळी शेवंतीचं फूल खोचणाऱ्याही अक्काच. मी फुलांवर बंदी घातली, तर म्हणाल्या, सवाष्णीनं दिवेलागणीला बिनफुलाच्या वेणीनं राहायचं नाही आमच्या घरात. मी डोकं धरून बसलो. कॉलेजात खिडकी बंद केली की बंद राहते. घरात एक बंद केली की दुसरी कुणीतरी उघडतं, तेही प्रेमानं. प्रेमाला बंद करायची कडी कुठे मिळते?

मी चिडका झालो होतो, हे मला आता दिसतं. तेव्हा वाटे, जगच वेंधळं आहे. रोज घरी आलो की सायकल लावता लावता आतला कानोसा घ्यायचा आणि आत शिरताच चौकशी. सकाळपासून काय खाल्लंस? कुणाकडे गेलीस? कसला वास आला? झाडलंस कधी? ही उत्तरं देई, आधी नीट, मग थोडक्यात. एकदा पोळी लाटता लाटता थांबली. दम्याच्या गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, लाटणं नीट फिरायचं नाही. म्हणाली, "मी काय तुमचा पितळी गोळा आहे का हो, दोऱ्याला बांधलेला?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना हे?"

"ते दिसतंय," ती म्हणाली. "गोळ्यालाही कुणीतरी कधी विचारा, कसं वाटतंय झोके खाताना."

मला वाईट वाटलं. पण विचारणं काही बंद झालं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. दम बहुतेक संध्याकाळी लागे, नाहीतर पहाटे. बंगळूरला ऊन उतरलं की हवा एकदम गार होते, म्हणून मी ते गारव्याच्या खात्यात टाकलं. रविवारी जास्त वेळा लागे. त्याचंही उत्तर मी फार हुशारीनं काढलं. रविवारी मी दिवसभर घरी असतो, म्हणून मला दिसतो. इतर दिवशीही लागतच असणार, मी बघायला नसतो, एवढंच. बघणाऱ्याच्या हजेरीनं आकडे फुगतात, हे मी मुलांना शिकवत असे. स्वतःवर खूश होऊन मी तो मुद्दा सोडून दिला.

शेवटी कॅन्टोन्मेंटातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिच्या हातावर ओळीनं टोचून निरनिराळे अर्क घातले. धूळ, पिसं, परागकण, डाळी, काय काय. जिथे फुगेल ते कारण. सगळीकडेच फुगलं. डॉक्टर समाधानानं म्हणाले, "हिला सगळ्याचंच वावडं आहे." सगळ्याचं वावडं म्हणजे कशाचंच कळलं नाही, हे आमचं पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. रिक्षानं घरी येताना ही लाल झालेला हात पदराखाली झाकून बसली होती. म्हणाली, "निदान नापास तरी नाही झाले. सगळ्या विषयांत पास."

त्या पावसाळ्यात एकदा ओठ निळे पडले. मग मी हात टेकले आणि तिला विजापूरला पोचवून आलो.

घर रिकामं झालं. मी तापमापक बघत राहिलो, सवयीनं. आता कुणाच्या श्वासाशी जोडायचा हेच न कळणारा आकडा. चैन पडेना. कॉलेज सुटलं की लालबागेत जायचो, फेऱ्या मारायचो, तिथेही बसवेना, मग पेठेत यायचो, अक्कांच्या कट्ट्यावर टेकायचो आणि उठायचो. अक्का म्हणायच्या, "अण्णा, बस की एका जागी. तुला बघून मलाच दम लागला."

विजापूरहून सासूबाईंची कार्डं येत. पोर छान आहे. एकदाही त्रास नाही. वजन वाढलंय. आम्ही काही काही पाळत नाही, सगळं खाते, गादीवर झोपते. मी आनंदलो आणि लगेच तर्क सुरू केला, तर मग हवाच. हवा सोडून दुसरं काय वेगळं आहे? कोरडी हवा, डॉक्टर म्हणाले तेच. मनात म्हटलं, उत्तर मिळालं, पण हवा काही पिशवीत भरून आणता येत नाही. आता नोकरीच तिकडे बघायची. तसे अर्जही मनात घोळू लागले. दिवाळीला जायचं, सासऱ्यांशी बोलायचं, असं ठरवलं.

त्याच महिन्यात रशियानं आकाशात उपग्रह सोडला होता. जगभर दुसरं बोलणं नव्हतं. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही सगळे माना वर करून उभे. अमक्या वेळी अमक्या दिशेनं जाईल म्हणून छापून येई, आणि खरंच, एक ठिपका तसाच्या तसा सरकत जाई. माणसानं फेकलेला गोळा, आणि तो नियम पाळतोय! न धरता, न ओरडता. मग जिना उतरताना एकदम राग आला. इतक्या लांबच्या ठिपक्याचं क्षणाक्षणाचं सांगता येतं, आणि एका बाईची छाती उद्या संध्याकाळी मोकळी असेल का, हे सांगायला पृथ्वीवर कुणी नाही!

विजापूरला मी पाडव्याच्या सकाळी पोचलो. गदगला गाडी बदलायची, कोळशाच्या धुरानं मी काळा झालेला. सासूबाईंनी हिला पुढे येऊच दिलं नाही. आधी आंघोळ. जावयाचा थाट तो, मला परसात पाटावर बसवलं, न्हाव्याकडून तेल रगडून घेतलं, उटणं लावलं, हंडाभर कढत पाणी ओतलं. माझे कपडे तिथूनच धोब्याकडे गेले. सासऱ्यांनी आणलेलं कोरं धोतर, कोरा सदरा, नवी टोपीसुद्धा. आरशात मलाच मी ओळखू येईना.

ही माजघराच्या दारात उभी होती. गाल भरलेले, रंग उजळलेला. हसली आणि म्हणाली, "कोण पाहुणे आले आज?" आणि आत पळाली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कोरड्या हवेचा विजय असो, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी गल्लीतली मंडळी कट्ट्यावर जमवली. आमचे जावई शास्त्रज्ञ आहेत, तो उपग्रह वर कसा राहतो ते सांगतील. मी शास्त्रज्ञ नाही, हे सांगून उपयोग नव्हता. मी सुतळीला दगड बांधला आणि गरगर फिरवून दाखवला. दगड सुटून पळू बघतो, सुतळी त्याला ओढून धरते. तिथे सुतळीच्या जागी पृथ्वीचं ओढणं. लोक खूश झाले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पण पृथ्वी ओढते का?"

"वस्तू वस्तूला ओढते, तसा नियमच आहे."

"ते झालं हो. पण का ओढते?"

"ते नाही सांगता येत," मी म्हटलं. "किती ओढते ते सांगता येतं."

म्हातारा मान हलवत म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात आतून बोलावणं आलं, ओवाळायला चला.

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. पाटाभोवती रांगोळी, मी नव्या कपड्यांत बसलेलो, कट्ट्यावरचं हसू अजून तोंडावर. ही हिरव्या शालूत तबक घेऊन आली. निरांजनं, अक्षता, सुपारी. माझ्यासमोर उभी राहिली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि तबक उचललं. पहिला फेरा झाला. दुसऱ्याला तबक हललं. मी वर बघितलं, तर तिचे खांदे वर ओढलेले होते आणि गळ्याशी तोच खड्डा.

तबक सासूबाईंनी झेललं. तिला धरून मागच्या दारी नेलं, वाकून बसवलं. तीच शिटी. मी पाटावरून उठून धावलो, तर सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "तुम्ही थांबा तिकडेच!" डॉक्टरांना आणायला माणूस धावला.

ती सावरून खाटेवर पडल्यावर सासूबाईंनी अंगणात शेगडी पेटवली. मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या तिच्यावरून उतरवून निखाऱ्यांत टाकल्या. मी कट्ट्यावर उभा राहून बघत होतो. मिरच्या जळून काळ्या झाल्या आणि ठसका म्हणून कुणाला आला नाही. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "बघा! दृष्ट नसती तर एवढ्या मिरच्यांनी गल्ली खोकली असती. केवढी दृष्ट म्हणायची ही!" एरवी मी वाद घातला असता. त्या वेळी मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे निदान एक कसोटी होती, आणि ती लगेच उत्तर देत होती.

"फटाक्यांचा धूर असेल," मी म्हटलं.

"कालपरवा केवढे वाजले," सासूबाई म्हणाल्या, "हिला शिंक आली नाही. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा."

मी बाहेर पडलो आणि गावाच्या जुन्या तटाच्या कडेकडेनं चालत सुटलो. मनात तर्क चाललाच होता, तो मला थांबवता येत नव्हता. हवा तीच, घर तेच, जेवण तेच, गादी तीच. कोळशाचा धूर माझ्या अंगावरून धुऊन काढलेला. बंगळूरचा धागासुद्धा माझ्या अंगावर नव्हता. इतका स्वच्छ प्रयोग मी जन्मात केला नव्हता, आणि तो सासुरवाडीनं न कळत करून दाखवला होता. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलली होती. ती गोष्ट मी होतो.

मग रविवार आठवले. संध्याकाळी आठवल्या, सायकल बोळात लावण्याच्या वेळा. मी जे हुशारीनं बाजूला ठेवलं होतं ते सगळं चालत माझ्याकडे आलं. पण एका निरीक्षणानं काही ठरत नाही, हेही मीच ओरडून शिकवलेलं. पुन्हा करून बघा, तसंच येतं का बघा. म्हणजे काय करायचं? मी दूर राहायचं, मग यायचं आणि ती गुदमरते का ते बघायचं. नाहीतर यायचंच नाही, आणि ती बरी राहते का ते बघायचं. पहिलं करायला मी कसाई नव्हतो. दुसरं करायला काहीच लागत नव्हतं, फक्त गाडीत बसायचं.

भाऊबीजेच्या सकाळी मी कॉलेजचं काम निघाल्याचं सांगितलं. सासरे नाराज झाले. ही खाटेवर उशीला टेकून बसली होती. "निघालात?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे फार वेळ बघितलं.

बंगळूरला आल्यावर सासूबाईंची कार्डं पुन्हा सुरू झाली. छान आहे. त्रास नाही. प्रत्येक कार्डाबरोबर पुरावा जमा होत होता. ती बरी आहे याचा आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता, आणि होत नाही म्हणून स्वतःची चीड येई. रजा नाही, परीक्षा आहेत, असं मी उलट कळवत राहिलो. नोकरी विजापुरात मिळवून तरी काय करणार होतो? अक्का म्हणायच्या, "तिला आण की रे." मी म्हणे, इथली हवा तिला मानवत नाही. "हवा!" अक्का फणकारायच्या. "मी काय दुसरी खाते?"

संक्रांतीच्या सुमाराला एका संध्याकाळी बोळात सायकल वळवली, तर मागच्या खोल्यांचं दार उघडं. दारात तिची ट्रंक. अक्का कट्ट्यावरून म्हणाल्या, "माहेरच्या शेजारच्या कुणाबरोबर आली, विचारलं नाही सवरलं नाही. जा आत." मी सायकल धरूनच उभा राहिलो.

ती दारात आली. "आत या."

"नको. तुला त्रास होईल."

"कशानं?"

हे तोंडानं म्हणायला मला किती जड गेलं, काय सांगू. "माझ्यानं."

मला वाटलं, ती चमकेल, नाही म्हणेल, रडेल. तिनं नुसता सुस्कारा टाकला. "कळलं का एकदाचं?"

"म्हणजे?"

"मला वर्षभर ठाऊक आहे. तुमची सायकल बोळात वळली की छाती आवळायची. रोज नाही. पण पुष्कळदा. आत येऊन तुम्ही असं बघायचात माझ्याकडे, आता लागतो की मग लागतो."

"त्या बघण्यानं लागायचा?"

"मला काय माहीत? आनंदानं लागत असेल, धास्तीनं लागत असेल, तुमच्या हातांच्या खडूनं लागत असेल. शास्त्र तुम्ही शिकलात."

माझा आवाज चढला. सायकल भिंतीवर आदळली. "अगं, मग सांगितलं का नाहीस? रोज विचारत होतो मी! शेंगदाणे विचारले, गादी विचारली, कशाकशाचा वास विचारला! एवढी एकच गोष्ट सांगितली नाहीस?"

"सांगितली असती तर तुम्ही प्रयोग केला असता."

मी सायकल सरळ करून भिंतीला टेकवली.

"आणि तो बरोबर आला असता," ती म्हणाली, "तर मी काय करायचं होतं? दिवाळीला तुम्ही उठून गेलात, तेव्हाच ओळखलं मी, प्रयोग सुरू झाला. दोन-अडीच महिने वाट बघितली. छान श्वास येत होता हो तिथे. छान यायचा आणि जायचा. करायचं काय त्याचं?"

मी आत गेलो. त्या संध्याकाळी तिला दम लागला. मी पाठ चोळत बसलो, पाणी तापवलं, गोळी दिली. ओसरल्यावर तिनं दाराकडे बोट केलं. "आज देवाचा आकडा किती?"

"बघितला नाही," मी म्हटलं. खरंच बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो तापमापक मी कॉलेजात परत नेऊन दिला.

पुढे पुष्कळ झालं. खडूनं माखणारा कोट मी कॉलेजात ठेवू लागलो, त्यानं कधी फरक पडला, कधी नाही. दम काही वर्षं जोरात होता, मग विरळ झाला, मग पुन्हा आला. नवी औषधं निघाली, तोंडात मारायचे फवारे आले, त्यांनी तिला वाचवलं आणि त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण कारण मला कुणी सांगितलं नाही. एकच प्रयोग होता, तो मी अर्ध्यावर सोडला, आणि त्याचं उत्तर मला माहीत नाही. कधी कधी अजून डोक्यात किडा वळवळतो. मग मी उठून फेऱ्या मारायला लागतो.

सायकल कधीच गेली. पण बाहेरून आलो की मी अजून दाराशी थांबतो, चप्पल काढण्याच्या निमित्तानं, आणि कानोसा घेतो. ते तिला आतूनच कळतं. भाजी चिरत असेल, नाहीतर पेपर वाचत असेल, मान वर न करता ओरडते, "या, या. उभे काय राहता? श्वास चालू आहे अजून."